मदतफेरीच्या पुढचे जागतिक नागरिकत्व
जागतिक नागरिकत्वाच्या शिक्षणात ‘मृदू’ आणि ‘चिकित्सक’ हा भेद ब्राझीलच्या अभ्यासक व्हेनेसा आंद्रेओत्ती यांनी २००६ मधील लेखात मांडला. आफ्रिकेतील शाळेसाठी निधी जमला, की मृदू धडा संपतो. चिकित्सक वर्गात तिथली गरिबी कशी घडली, वसाहती आणि व्यापाराच्या अटींनी तिला कसा हातभार लावला, हे विद्यार्थी तपासतात. शिक्षकांच्या हाती आंद्रेओत्तींनी २०१२ मध्ये ‘हेड्स अप’ ही सात दोषांची यादी दिली. त्यांतला उद्धारकाचा आव शाळेच्या मदतफेरीत सर्वांत सहज शिरतो. इतिहासाचा विसर आणि झटपट उपायांचा मोहही या यादीत आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतील ४.७ हे लक्ष्य २०३० पर्यंत जागतिक नागरिकत्वाचे शिक्षण मागते. त्यात वसाहतवादाचा उल्लेख नाही.