विश्लेषण : गाडी तापली म्हणजे हेड गॅस्केट गेलेच का? हेड उतरवण्याआधी काय तपासायला हवे?

मे महिन्यातला शनिवार. पुण्याहून कराड, सांगली, कोल्हापूरकडे निघालेल्या गाड्यांची खंबाटकी घाटात रांग लागते. एसी सुरू, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, पुढे ट्रक. थोड्या वेळात कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसू लागतात. लागून आलेल्या सुट्ट्यांत हे चित्र नेहमीचेच. यातल्या बहुतेक गाड्या थंड होऊन, पाणी भरून पुढे जातात. काही मात्र कशाबशा कराडला पोहोचतात आणि दोन-चार दिवसांत पुन्हा तापतात. मग गॅरेजमध्ये एक वाक्य ऐकू येते, ‘हेड गॅस्केट गेलंय, हेड उतरवावं लागेल.’ हे निदान कधी अचूक असते, कधी नुसता अंदाज. गाडीमालकासाठी हा फरक मोठा आहे. गॅस्केटची किंमत एकूण बिलात किरकोळ असते, पैसे जातात ते गॅस्केटपर्यंत पोहोचण्यात.

हेड गॅस्केट म्हणजे नेमके काय?

इंजिनचे ढोबळमानाने दोन भाग असतात. खाली ब्लॉक, ज्यात पिस्टन वर-खाली होतात आणि वर हेड, ज्यात व्हॉल्व्ह बसवलेले असतात. या दोहोंच्या मध्ये जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा, भोके पाडलेला पत्रा बोल्टने आवळून बसवलेला असतो. तो हेड गॅस्केट. जुने मिस्त्री त्याला ‘हेड पॅकिंग’ म्हणतात. हल्लीच्या गाड्यांत तो स्टीलच्या पातळ थरांचा असतो.

त्याला एकाच वेळी तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवायच्या असतात. सिलिंडरमधला जळता वायू, इंजिनभर फिरणारे कूलंट आणि वर-खाली जाणारे ऑइल. सिलिंडरमधल्या वायूचे तापमान क्षणभर २००० अंश सेल्सियसच्या पुढे जाते आणि तिथून काही मिलिमीटर अंतरावर कूलंट ९० अंशांच्या आसपास फिरत असते. या दोहोंमधली भिंत तेवढीच.

ते उडते कशामुळे?

बहुतेक गाड्यांचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते. ब्लॉक मात्र बऱ्याच इंजिनांत बिडाचा असतो. तेवढ्याच उष्णतेने अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. नेहमीच्या तापमानाला गॅस्केट ही सरकासरक सहन करते. पण इंजिन फार तापले की हेडला पसरायचे असते आणि बोल्ट त्याला पसरू देत नाहीत. हेड वाकते आणि थंड झाल्यावर पूर्ण सपाट होत नाही. मध्ये केसाएवढी फट राहते आणि तेवढी पुरते.

म्हणजे गॅस्केट उडणे हा बहुतेक वेळा परिणाम असतो, मूळ कारण नव्हे. इंजिन आधी दुसऱ्याच कशाने तरी तापलेले असते. फॅनची मोटर किंवा रिले बंद पडलेला असतो, थर्मोस्टॅट अडकलेला असतो, वॉटर पंप (गॅरेजच्या भाषेत ‘वॉटर बॉडी’) झिजलेला असतो, रेडिएटरच्या जाळीत धूळ आणि कचरा भरलेला असतो किंवा एखादा होज पाइप गळत असतो. ते कारण न शोधता नुसते गॅस्केट बदलले तर नवे गॅस्केटही त्याच वाटेने जाते.

दोन कारणांकडे आपल्याकडे हमखास दुर्लक्ष होते. पहिले रेडिएटरचे झाकण. कराड समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून थोडे उंच आहे, त्यामुळे तिथे साधे पाणी उघड्या भांड्यात ९८ अंशांच्या आसपास उकळते. रेडिएटरचे झाकण आत साधारण एक बार जास्तीचा दाब धरून ठेवते, म्हणून तेच पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. निम्मे कूलंट आणि निम्मे पाणी असेल तर ही मर्यादा आणखी वर जाते. झाकणाचे रबर कडक झाले की दाब टिकत नाही आणि सपाट रस्त्यावर ठणठणीत वाटणारी गाडी घाटात उकळते. एवढ्याशा झाकणापायी इंजिन उघडले जाते!

दुसरे कारण बोअरचे पाणी. रस्त्यात ढाब्यावर मिळेल ते पाणी रेडिएटरमध्ये ओतले जाते. अडचणीच्या वेळी ते ठीक. पण तेच वर्षभर राहिले तर क्षारांचा थर आतल्या बारीक नळ्यांत बसतो, माठात किंवा गिझरच्या कॉइलवर बसतो तसाच. वर गंज चढतो तो वेगळा. वारंवार तापणाऱ्या गाडीचा थर्मोस्टॅटच काढून टाकण्याचा जुना इलाजही अनेक ठिकाणी अजून चालतो. त्याने मूळ बिघाड झाकला जातो, इंजिन थंडच चालते आणि मायलेज पडते.

घाटात काटा वर चढला तर?

इथली पाच मिनिटे पुढचा सगळा खर्च ठरवतात. आधी एसी बंद. खिडक्या उघडून हीटर पूर्ण गरम आणि ब्लोअर पूर्ण वेगाने. उन्हाळ्यात हे वेडेपणाचे वाटेल, पण हीटर हा छोटा रेडिएटरच असतो, तो इंजिनची थोडी उष्णता आत ओढतो. तरी काटा उतरत नसेल, लाल दिवा लागला असेल किंवा वाफ दिसत असेल तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करणे हाच मार्ग. नव्या अनेक गाड्यांत काटाच नसतो. तिथे लाल दिवा ही शेवटची सूचना, इशारा नव्हे.

एक फसवा प्रकार लक्षात ठेवण्यासारखा. कूलंट बरेच सांडून गेले की तापमान मोजणारा सेन्सर उघडा पडतो आणि काटा आपोआप खाली येऊ शकतो. ‘उतरला काटा’ म्हणून गाडी पुढे दामटली जाते. खंबाटकीतून कराड तास-दीड तासावर असते, ‘तिथे ओळखीचा मेकॅनिक आहे’ हा मोह मोठा असतो. कराडकरांसाठी दुसरी अशी जागा म्हणजे कुंभार्ली घाट. चिपळूणला जाताना उतार असतो, त्यामुळे बिघाड दडून राहतो. परतीला कोकणातला उकाडा, पाच माणसे, मागे आंब्याच्या पेट्या आणि सलग चढ.

गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाब सुटताच आतले पाणी उसळून तोंडा-हातावर येते. किमान अर्धा-पाऊण तास थांबावे. तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे. गाडी ओढून नेण्याचा खर्च डोळ्यांसमोर येतो खरा, पण वाकलेल्या हेडपुढे तो काहीच नाही.

पाणी कमी होतेय, मग गॅस्केटच गेले का?

लगेच तसे समजू नये. आधी बाहेरची गळती पाहायची. होज, रेडिएटर, वॉटर पंपच्या खालची बाजू, हीटरजवळ पायाखालची मॅट. बाहेर कुठेच ओल नाही आणि तरी कूलंट घटतेय, तर ते आत जातेय.

लोकांना दोन खुणा ठाऊक असतात, पांढरा धूर आणि दुधाळ ऑइल. दोन्ही फसवू शकतात. डिसेंबरात कृष्णाकाठी सकाळी गाडी सुरू केली की सायलेन्सरमधून पांढरी वाफ येतेच, ती काही मिनिटांत थांबते. इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत असेल आणि त्याला गोडसर वास असेल, तर संशय घ्यावा. तसेच ऑइलच्या झाकणाखाली मलईसारखा थर दिसला म्हणून घाबरायचे कारण नाही. रोज दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत ओलाव्याने तो जमतो. डिपस्टिकवरचे ऑइलच दुधाच्या चहासारखे दिसत असेल तर मात्र गाडी सुरू करू नये, कारण असे ऑइल बेअरिंग खाते. उलट कूलंटमध्ये ऑइल दिसले तर काही इंजिनांत, विशेषतः डिझेलमध्ये, दोष ऑइल कूलरचा असू शकतो. तेवढ्यासाठी हेड उतरवले तर ते काम फुकट.

खात्रीच्या खुणा दाबाच्या असतात. रात्रभर थंड झालेली गाडी सकाळी सुरू करावी. मिनिटभरात, इंजिन अजून कोमट असताना, वरचा होज दगडासारखा कडक होत असेल तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये घुसतोय. थंड इंजिनचे झाकण उघडून, पाणी काठोकाठ भरून गाडी सुरू केली आणि बुडबुडे थांबतच नाहीत, रेस दिली की पाणी वर उसळते, तर तोच अर्थ. सुरुवातीचे थोडे बुडबुडे नुसत्या अडकलेल्या हवेचेही असतात. फरक ते थांबण्यात आहे.

गॅरेजमध्ये पुढच्या चाचण्या होतात. एका नळीत निळा द्रव भरून रेडिएटरच्या तोंडावर धरतात आणि कूलंटवरची हवा त्यातून ओढतात. त्यात कार्बन डायऑक्साइड असेल तर निळा रंग पिवळा होतो. पेट्रोल गाडीत ही चाचणी चांगली चालते. डिझेलच्या धुरात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण कमी असते, त्यामुळे तिथे केवळ रंगावर विसंबून चालत नाही. दुसरी चाचणी हातपंपाची. रेडिएटरला पंप जोडून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरतात आणि घड्याळावरचा काटा पडतो का ते पाहतात. काटा पडतोय, बाहेर थेंबही नाही, आणि प्लग काढल्यावर एखाद्या सिलिंडरमध्ये ओल दिसते, तर प्रश्न मिटला. प्लगवरूनही कळते. तीन प्लग काळपट-तपकिरी आणि एक धुतल्यासारखा स्वच्छ असेल, तर त्या सिलिंडरमध्ये वाफ जातेय.

तिसरी कॉम्प्रेशनची. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत एकदम दाब कमी आला तर गॅस्केट त्यांच्या मधल्या अरुंद पट्टीवर फुटले असण्याची शक्यता दाट. अशा वेळी ना धूर येतो, ना पाणी कमी होते. गाडी फक्त थरथरते आणि ओढत नाही.

या सगळ्याला फार तर अर्धा दिवस लागतो. तो न घालवता थेट पाने हातात घेणारा मेकॅनिक वेळ वाचवत नसतो.

हेड उतरवल्यावर काय व्हायला हवे?

हेड थंड इंजिनचेच उतरवायचे. बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे करून सैल करायचे. गरम असताना किंवा एका टोकाकडून सुरुवात केल्यास चांगले हेडही वाकू शकते. मग सरळ पट्टी हेडवर लांबीने, रुंदीने आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खाली फिलर गेज सरकवतात. अनेक छोट्या गाड्यांत मर्यादा ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. डोळ्यांनी ‘सपाट दिसतंय’ याला काही अर्थ नाही.

वाकलेले हेड मशिनवर घासून सपाट करता येते. त्याआधी तडा तपासला पाहिजे. हेडची तोंडे बंद करून, हवा भरून ते गरम पाण्यात बुडवतात. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर शोधतात तसेच. हा टप्पा अनेकदा वगळला जातो आणि नवे गॅस्केट घालूनही पाणी कमी होतच राहते. घासण्यालाही मर्यादा आहे. फार घासले तर कॉम्प्रेशन वाढते आणि डिझेलमध्ये व्हॉल्व्ह-पिस्टनमधले अंतर धोक्यात येते. काही डिझेल इंजिनांची गॅस्केट वेगवेगळ्या जाडीची येतात. जाडी कडेच्या खाचांवरून किंवा भोकांवरून ओळखायची असते, जुन्याशी ताडून न पाहता ‘हेच बसतं’ म्हणणे चूक.

ब्लॉकचा पृष्ठभाग खरवडताना त्यावर घासणारी चकती फिरवू नये. तिची पूड ऑइलमधून बेअरिंगमध्ये जाते. बोल्टच्या भोकांत पाणी किंवा ऑइल राहिले तर आवळताना ब्लॉकलाच तडा जाऊ शकतो. बोल्ट मध्यापासून बाहेर, कंपनीने दिलेल्या क्रमाने, टॉर्क पान्याने आणि टप्प्याटप्प्याने आवळायचे. अनेक नव्या इंजिनांत शेवटचा टप्पा ठरावीक अंशांनी फिरवण्याचा असतो, तिथे बोल्ट मुद्दाम ताणले जातात आणि म्हणून पुन्हा वापरता येत नाहीत. बिलात नव्या बोल्टची ओळ दिसली तर ती फसवणूक नव्हे. ती दिसली नाही, तर विचारावे.

शेवटी नवे ऑइल, फिल्टर, कूलंट आणि आत अडकलेली हवा पूर्ण काढणे. हवा राहिली तर नव्या गॅस्केटवर पहिल्याच दिवशी गाडी तापते. ऑइलमध्ये पाणी गेले असेल तर काहीशे किलोमीटरनंतर ऑइल पुन्हा बदलावे लागते.

हळदीने किंवा बाटलीतल्या औषधाने भागते का?

रेडिएटर गळला की त्यात हळद टाकण्याचा उपाय ट्रकचालकांत जुना आहे. सांगलीच्या हळदीचा हा वापर बाजार समितीला मान्य होईल की नाही कोण जाणे, पण बारीक भोक त्याने काही काळ बुजते हे खरे. गॅस्केटवरच्या वायूच्या दाबापुढे मात्र तिचा निभाव लागत नाही, आणि तीच पूड रेडिएटर व हीटरच्या नळ्यांत अडकते. बाजारात मिळणारी गळती थांबवणारी द्रावणेही बऱ्याचदा हेच करतात. गाडी विकायला काढलेल्याच्या कामाची, विकत घेणाऱ्याच्या नव्हे. जुनी गाडी बघायला गेल्यावर इंजिन आधीच गरम करून ठेवलेले असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडी दाखवायला सांगावे आणि झाकण उघडून पाणी गढूळ आहे का ते पाहावे.

विम्यातून खर्च मिळतो का?

बहुधा नाही. नेहमीच्या वाहन विम्यात यांत्रिक बिघाड वगळलेला असतो. इंजिनसाठी वेगळे घेतलेले संरक्षण मुख्यतः आत पाणी शिरल्याने झालेल्या नुकसानीसाठी असते, तापल्याने झालेल्या नुकसानीचे काय, ते पॉलिसीतल्या शब्दांवर ठरते. वॉरंटीतल्या गाडीचे प्रकरण वेगळे. पण लाल दिवा लागल्यावरही गाडी चालवत नेली असे दिसले, तर तो दावाही अडू शकतो. गाडी कुठे आणि किती वाजता थांबवली, क्रेन कधी आली, याची पावती आणि फोटो जपून ठेवलेले बरे.