सातबाऱ्यावर नाव कुणाचं?

गोसीखुर्द म्हटलं की आता सगळ्यांना आठवतं ते धरण. वैनगंगेवरचं, तेहतीस दारांचं, पावसाळ्यात ज्याची दारं किती उघडली याची बातमी रोज पेपरात येते ते. पण गोसीखुर्द हे मुळात पवनी तालुक्यातलं एक गाव आहे, धानाच्या बांध्यांचं. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते इथं भूमिपूजन झालं आणि नदीच्या दोन्ही काठांवरच्या कितीतरी गावांच्या बोलण्यात तीन नवे शब्द आले : बुडीत, मोबदला आणि पुनर्वसन. धरणाचं अधिकृत नाव इंदिरासागर. म्हणजे एवढ्या मोठ्या पाण्याला नाव बाईचं. पण त्या पाण्याखाली जी जमीन गेली, तिच्या कागदांवर बायकांची नावं किती होती?

हा प्रश्न माझ्या डोक्यात आला तो माझ्या आतेसासूबाईंमुळे. त्यांचं सासर बुडीत क्षेत्रातलं. सासरे वारल्यावर सातबाऱ्यावर थोरल्या दिरांचं नाव लागलं, पुढे तीन अक्षरं : ए.कु.मॅ. म्हणजे 'एकत्र कुटुंब मॅनेजर'. घरात कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढे आतेसासरे तरुणपणीच गेले. त्यांच्या पश्चात वारस म्हणून आत्याबाईंचं नाव लावायला हवं होतं. पण घरात सुतक होतं, मग रोवणी आली, मग राहूनच गेलं. संपादनाची नोटीस आली ती दिरांच्या नावानं, चेकही त्यांच्याच नावानं. नव्या गावठाणातला प्लॉटही त्यांचाच.

दीर काही वाईट माणूस नव्हते. आत्याबाईंच्या दोन्ही लेकींची लग्नं त्यांनीच त्या पैशातून लावून दिली, आणि आपलं कर्तव्य झालं असं त्यांना मनापासून वाटलं. आत्याबाई मात्र पुढची सगळी वर्षं पुतण्याच्या घरातल्या एका खोलीत राहिल्या. एकदा मी विचारलं, तुम्ही तेव्हा काही बोलला का नाहीत? त्या शांतपणे म्हणाल्या, "सूनबाई, धान मी रोवलं, निंदलं, कापलं. पण माहं नाव होतंच कुठी?"

ज्याचं नाव कागदावर त्याची जमीन, ही रीत आली तरी कुठून? शोधता शोधता मी पोचले थेट नऊशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात. हसू नका! आपल्या महसुली कारभारावर इंग्रजांचा हात फिरलेला आहे, तेव्हा त्यांच्या घरी काय होतं हे पाहायला काय हरकत आहे?

१०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं. जुन्या जमीनदारांच्या जमिनी काढून आपल्या सरदारांना वाटल्या. जवळपास वीस वर्षांनी, १०८५ च्या नाताळात त्यानं दरबार भरवला आणि ठरवलं की देशात कुणाकडे काय आहे, ते एकदा नीट लिहून काढायचं. १०८६ मध्ये त्याची माणसं परगण्या-परगण्यातून फिरली. गावचा पाद्री, गावचा कारभारी आणि सहा गावकरी यांना शपथेवर विचारलं गेलं : जुन्या राजाच्या वेळी ही जमीन कुणाकडे होती, आज कुणाकडे आहे? नांगर किती, माणसं किती, जंगल किती, कुरण किती, पाणचक्क्या किती, मासळीची तळी किती? उत्पन्न तेव्हा काय होतं, आता काय आहे, आणि आणखी वाढवता येईल का? शेवटचा प्रश्न वाचून मला आपल्याकडचा साराच आठवला. राजा इथला असो की तिथला, चौकशी त्याच दिशेनं जाते.

या दप्तराला लोक पुढे 'डूम्सडे बुक' म्हणू लागले. डूम्सडे म्हणजे कयामतचा दिवस. त्या दिवशीच्या निकालावर जसं अपील नाही, तसंच या वहीत लिहिलेल्यावरही नाही. ते दप्तर आजही लंडनला सरकारी अभिलेखागारात जपून ठेवलेलं आहे.

या व्यवस्थेचा पाया असा की सगळी जमीन राजाची. सरदार ती राजाकडून 'धरतात', सरदाराकडून त्याचे शिलेदार, आणि सगळ्यात खाली कुळं, जी मालकाच्या खास शेतात आठवड्यातले ठरलेले दिवस फुकट राबतात. मग बाई कुठं? डूम्सडेत बायका आहेत, पण थोड्या. खुद्द विल्यमची भाची ज्युडिथ मोठी जमीनदारीण होती. बाकी बहुतेक बायकांची जमीन लग्नाबरोबर नवऱ्याच्या ताब्यात जायची. भाऊ असला तर वडिलांची जमीन त्याची, सरदार घराण्यांत तर थोरल्या भावाची. भाऊ नसला, तरच ती बहिणींत सारखी वाटली जायची. विधवेला नवऱ्याच्या जमिनीचा साधारण तिसरा हिस्सा मिळे, तोही हयातीपुरता.

यातलं एक दप्तर वाचून तर मी थक्क झाले. ११८५ मध्ये, दुसऱ्या हेन्रीच्या काळात, राजाच्या अखत्यारीत असलेल्या विधवांची आणि पोरक्या मुलांची यादी केली गेली. बाईचं वय काय, मुलं किती, जमिनीची किंमत किती, त्यावर गुरं किती वाढवता येतील, सगळं नोंदलेलं. कशासाठी? तर या बायकांची लग्नं कुणाशी लावायची हे ठरवण्याचा हक्क राजाचा, आणि त्या हक्कातून राजाला पैसा मिळे. बाईचं नाव एकदाचं कागदावर आलं, पण मालमत्तेसारखं! अखेर १२१५ च्या 'मॅग्ना कार्टा'त सरदारांनी राजाकडून लिहून घेतलं की विधवेला तिच्या मनाविरुद्ध लग्न करायला लावायचं नाही, तिचा हिस्सा विनाविलंब द्यायचा, आणि तो मिळेपर्यंत चाळीस दिवस तिला नवऱ्याच्या घरात राहू द्यायचं. चाळीस दिवस! आत्याबाईंना ऐकवलं तर त्या म्हणाल्या, "बरं केलं हो त्याहीनं. आमच्याकडं तर तेराव्यालाच बोलणी होतात."

आता आपल्या झाडीपट्टीकडे या. इथं आधी गोंड राजांचं राज्य. जंगल तोडून गाव वसवणाऱ्याला गाव आणि तलाव बांधणाऱ्याला त्या पाण्याखालची जमीन, अशी त्यांची रीत सांगितली जाते. त्यातूनच कोहळी लोकांनी तलावांमागून तलाव बांधले. पुढे नागपूरकर भोसले आले. गावचा पाटील सारा गोळा करून सरकारात भरायचा, तो काही गावाचा मालक नव्हता. १८१८ नंतर तिसरे रघूजी लहान होते तेव्हा बाकाबाई या राणीच्या नावानं कारभार चालला, अर्थात इंग्रज रेसिडेंटच्या देखरेखीत. पण नागपूरच्या वाड्यात बाई कारभारीण असली, तरी त्यामुळे गावच्या बांधीवर बाईचं नाव लागत नव्हतं.

१८५३ मध्ये रघूजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीनं राज्य खालसा केलं. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, आणि त्या दशकातल्या बंदोबस्तात इंग्रजांनी पाटलालाच गावाचा मालक ठरवून टाकलं. तोच आपला मालगुजार. त्याची खास जमीन म्हणजे 'सीर', खाली निरनिराळ्या हक्कांची कुळं, आणि कुळांकडून बेगार. हे वाचताना मला तो इंग्लंडचा सरदार, त्याचं खास शेत आणि फुकट राबणारी कुळं दिसायला लागली. दोन्हींत फरक पुष्कळ आहेत, पण ओळख पटावी इतकं साम्य नक्कीच आहे.

या बंदोबस्तातली एक गोष्ट मात्र फार चांगली. गावागावाचं 'वाजिब-उल-अर्ज' तयार झालं, म्हणजे गावच्या रिवाजांची नोंद. गुरं कुठं चरतील, सरपण कुठून आणायचं, तलावाचं पाणी कुणाला कसं मिळेल. यालाच आपण निस्तार हक्क म्हणतो. बायांनो, लाकूडफाटा, पाणी, चारा ही कामं कुणाची? आपलीच. पण लिहून ठेवला तो हक्क गावाचा म्हणून. त्यात बाई वेगळी दिसत नाही. १९५१ मध्ये मालगुजारी संपली. तलाव सरकारजमा झाले आणि 'माजी मालगुजारी' या शब्दांची आद्याक्षरं जुळून त्यांचा झाला 'मामा तलाव'. माहेरची आठवण करून देणारं नाव आहे, म्हणून मला ते आवडतं. पण मामाकडून भाचीला पाणी मिळालं, जमीन काही मिळाली नाही.

राजे गेले, मालगुजार गेले, तरी दप्तराची ती सवय गेली नाही. घराचा एक कर्ता, त्याचं एक नाव. बाकीचे 'त्याचे'. आणि धरणासारखं काही आलं की सरकार त्या नावालाच ओळखतं. २०१३ मध्ये गोसीखुर्दच्या प्रकल्पग्रस्तांसाठी राज्य सरकारनं सुमारे बाराशे कोटींचं विशेष पॅकेज दिलं. चांगलंच झालं. पण घरात आलेला पैसा घरातल्या बाईपर्यंत पोचलाच, असं कोण सांगणार?

कायदा मात्र हळूहळू आपल्या बाजूनं आला आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवेची हयातीपुरती मालकी पूर्ण मालकी झाली. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला, २००५ मध्ये तो सगळ्या देशात आला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा हक्क जन्मानं मिळतो. २००५ मध्ये वडील हयात असायलाच हवेत असं नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं तर 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढून नवऱ्यांना आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावे करायला लावलं होतं. आणि २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्यात विधवा, घटस्फोटित आणि टाकलेली स्त्री हे स्वतंत्र कुटुंब धरलं आहे. हा कायदा २०१४ पासून लागू झाला. आत्याबाईंची जमीन तोवर केव्हाच पाण्याखाली गेली होती.

पण कायदा आपोआप सातबाऱ्यावर चढत नाही, तो चढवावा लागतो. म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा. आधी सातबारा आणि आठ-अ काढून पाहा, आता ते ऑनलाइनही मिळतात. एखाद्या नावापुढे ए.कु.मॅ. किंवा ए.कु.क. दिसलं, तर समजा की त्या नावामागे आणखी हिस्सेदार लपलेले आहेत. आपलं नाव 'खातेदार' म्हणून आहे की 'इतर हक्का'च्या रकान्यात ढकललंय, तेही बघा. घरात कुणी गेलं, तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, वारस नोंदीचा अर्ज द्या आणि पोच घ्या. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात. ते दिवस फुकट घालवू नका. मुदत टळली म्हणून हक्क बुडत नाही, पण उशिराची नोंद म्हणजे चकरा आल्या.

आणि हक्कसोड. भावानं साडी आणली, जेवण झालं, निघताना "ताई, इथं जरा सही कर" म्हटलं की आपली सही झालीच! माझ्या ओळखीतल्या एका बाईनं मात्र मागच्या वर्षी भावाला सांगितलं, "कागद ठेव, वाचते, मग सांगते." भाऊ रुसला. चार महिने फोन नाही. मग स्वतःच आला, बोलणं झालं, आणि तिनं अर्धा एकर ठेवून बाकीचं सोडलं. नातं तुटलं नाही. थोडं ताणलं गेलं, इतकंच. मला वाटतं एवढा ताण सोसायची तयारी आपण ठेवायला हवी. सोडायचं तर समजून सोडावं. न वाचता सोडलं, तर त्याला माया म्हणता येत नाही.

विल्यम राजानं विचारलं होतं, ही जमीन कुणाकडे आहे? गावकऱ्यांना शपथेवर उत्तर द्यावं लागलं. हाच प्रश्न आपल्या घरात आपण कधी विचारतच नाही, कारण विचारणं म्हणजे अविश्वास असं आपल्याला शिकवलेलं असतं. येत्या संक्रांतीला हळदीकुंकवाला जमाल तेव्हा वाण लुटा, तिळगूळ द्या, उखाण्यात यजमानांचं नाव झोकात घ्या. आणि मग शेजारच्या मैत्रिणीला हळूच विचारा, आठ-अ वर तुझं नाव आहे का गं?