नकाशाच्या संगणकाला ग्राफिक्स कार्ड किती लागते?

भूगोल, नगररचना, कृषी अशा विषयांच्या विद्यार्थ्यांना आता संगणकावर नकाशे तयार करावे लागतात. त्यासाठी संगणक घ्यायला गेले की दुकानदार बहुधा महागडे ग्राफिक्स कार्ड पुढे करतो. घरचा पैसा कर्जाचा किंवा भविष्य निर्वाह निधीतून काढलेला असतो. तो नेमका कोठे खर्च करावा, हे पालकांनी व विद्यार्थ्यांनी अगोदर समजून घेतले पाहिजे.

ग्राफिक्स कार्डाचे मूळ काम पडद्यावर चित्र उमटवण्याचे. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या पडद्यावरील एका चित्राला सुमारे ८ एमबी जागा पुरते. उलट, सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या प्रतिमेतील सुमारे ११० किलोमीटर लांब-रुंद तुकड्याचा १० मीटर तपशिलाचा एकच रंगपट्टा उलगडला, तर २४० एमबी होतो. असे चार पट्टे असतात. हा भार मुख्यतः प्रोसेसर, रॅम आणि डिस्क यांवर पडतो. क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअरही सपाट नकाशा मुख्यतः प्रोसेसरच्याच बळावर काढते.

म्हणून पहिला खर्च १६ जीबी रॅम आणि एसएसडी यांवर करावा. साध्या कामाला प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स चालते. मात्र इंटेल प्रोसेसरच्या क्रमांकाअखेर 'एफ' असेल, तर ही सोय नसते, हे ध्यानात ठेवावे.

मग स्वतंत्र कार्ड केव्हा घ्यावे? त्रिमितीय भूप्रदेश फिरवून पाहणे, ड्रोनची शेकडो छायाचित्रे जोडणे किंवा संगणकाला प्रतिमेतील घरे, झाडे ओळखायला शिकवणे, ही कामे असतील तर. अशा वेळी कार्डाची स्वतःची मेमरी निदान ४ जीबी असावी. शेवटच्या कामाला ८ जीबी बरी. 'कुडा' मागणारे सॉफ्टवेअर असल्यास एनव्हिडियाचेच कार्ड लागते.

जुन्या संगणकात कार्ड बसवताना पेटीतील जागा व वीजपुरवठा तपासावा. मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. त्याहून अधिक लागणाऱ्या कार्डाला वेगळी वायर जोडावी लागते.

हाती असलेला संगणक रेंगाळत असेल, तर काम चालू असताना विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडावा. रॅम भरलेली आणि ग्राफिक्स रिकामे दिसले, तर नव्या कार्डाने काहीच साधणार नाही. नवीन घेणाऱ्यांनी रिकामी खाच असलेला डेस्कटॉप घ्यावा. पुढे अभ्यासाला गरज पडलीच, तर कार्ड तेव्हा बसवता येते. लॅपटॉपमध्ये ही मुभा सहसा नसते.