मऊ, मध्यम, कठीण : शर्यतीच्या टायरांविषयीचे गैरसमज

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत सिएटचे टायर तयार होतात आणि महिंद्राच्या मोटारीही तयार होतात. त्याच महिंद्राचा संघ 2014 पासून ‘फॉर्म्युला ई’ या विजेवर धावणाऱ्या मोटारींच्या जागतिक स्पर्धेत उतरत आला आहे. ही ‘ओपन-व्हील’ प्रकारची, म्हणजे ज्यात चाके मडगार्डाने न झाकता गाडीच्या अंगाबाहेर उघडी असतात अशा मोटारींची शर्यत आहे. त्यामुळे टायर आणि शर्यत हे दोन्ही विषय या शहराला परके नाहीत. तरीही शर्यतीत टायरांचे नियम डावपेच कसे घडवतात, याविषयी जाणकार प्रेक्षकांतही काही समजुती घट्ट रुजलेल्या आढळतात.

त्यांतली सर्वांत पक्की समजूत अशी की, टायर लवकर झिजतो तो मालाच्या कमी दर्जामुळे. रस्त्यावरच्या मोटारीचा टायर हजारो किलोमीटर टिकावा अशी अपेक्षा असते, तर याच उघड्या चाकांच्या प्रकारातल्या फॉर्म्युला वनची शर्यत जेमतेम 305 किलोमीटरची असते आणि तेवढ्या अंतरातही टायर एकदा तरी बदलावे लागतात, हे पाहून ही समजूत होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. टायरचे रबर म्हणजे नैसर्गिक व कृत्रिम रबर, काजळी, तेल, गंधक आदींचे मिश्रण असते. त्यालाच कंपाउंड म्हणतात. मिश्रण मऊ ठेवले तर ते डांबराच्या बारीक खाचखळग्यांत शिरून घट्ट पकड देते, पण लवकर तापते आणि लवकर संपते. कठीण ठेवले तर टिकते, पण पकड कमी देते आणि तापायलाही वेळ घेते. पकड आणि आयुष्य यांची ही देवघेव मुद्दाम साधलेली असते, कारण 2011 पासून फॉर्म्युला वनला एकट्याने टायर पुरवणाऱ्या पिरेली कंपनीकडून आयोजकांची मागणीच मुळी शर्यतीत चढउतार निर्माण करणाऱ्या टायरांची होती. 2012 च्या हंगामात पहिल्या सात शर्यतींना सात वेगवेगळे विजेते लाभले, त्यामागे इतर कारणांबरोबर हे टायरही होते. शिवाय टायर ‘गेला’ म्हणजे रबर संपलेच असे नव्हे. थंड किंवा ताण पडलेल्या टायरच्या पृष्ठभागावरून रबराचे कण निघून पुन्हा त्यालाच चिकटतात आणि खोडरबराने खोडल्यावर कागदावर उरतात तशा वळकट्या त्यावर जमतात. अशा टायरखाली रबर भरपूर शिल्लक असूनही डांबराशी थेट संपर्क तुटल्याने गाडी वळणावर घसरू लागते.

दुसरा गैरसमज रंगांचा आहे. लाल पट्टी म्हणजे मऊ, पिवळी मध्यम, पांढरी कठीण, हे बरोबर आहे. परंतु लाल टायर सर्वत्र एकाच रबराचा असतो असे मानणे चूक आहे. पिरेलीकडे 2025 मध्ये सी-1 या सर्वांत कठीण मिश्रणापासून सी-6 या सर्वांत मऊ मिश्रणापर्यंत सहा प्रकार होते आणि प्रत्येक शर्यतीसाठी त्यांतले तीनच निवडले जात. बहारीनच्या खरखरीत ट्रॅकवर जे सी-3 लाल पट्टीचे, म्हणजे मऊ ठरले, तेच मेलबर्नला पांढऱ्या पट्टीचे, म्हणजे कठीण होते. मऊ आणि कठीण ही नावे त्या शर्यतीपुरती सापेक्ष आहेत, हे ध्यानात आले की समालोचनातले निम्मे कोडे सुटते.

संघ हवे ते टायर हवे तेवढे वापरतात, ही समजूत तर नियमांच्या मुळावरच येते. 2025 मध्ये नेहमीच्या शर्यतीसाठी प्रत्येक चालकाला सराव, पात्रता फेरी आणि मुख्य शर्यत मिळून कोरड्या ट्रॅकचे तेरा संच मिळत : दोन कठीण, तीन मध्यम, आठ मऊ. शर्यत कोरडी असेल तर किमान दोन वेगळी मिश्रणे वापरणे 2007 पासून बंधनकारक आहे. 2010 पासून शर्यतीत इंधन भरण्यावर बंदी आल्याने ‘पिट’मध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या संघांच्या जागेत, थांबण्याचे मुख्य कारण टायर हेच उरले आणि साहजिकच डावपेचांचा केंद्रबिंदू तिकडे सरकला.

नियम डाव कसा घडवतो हे पाहण्यासाठी भारताबाहेर जाण्याचीही गरज नाही. 2013 च्या बुद्ध सर्किटवरील इंडियन ग्रां प्रीत सेबास्टियन फेटेल पहिल्या क्रमांकावरून सुटला, पण पात्रता फेरीच्या अखेरच्या टप्प्यात ज्या टायरवर वेळ नोंदवली त्याच टायरवर शर्यत सुरू करण्याचा तेव्हाचा नियम असल्यामुळे त्याला झपाट्याने खराब होणाऱ्या मऊ टायरवर निघावे लागले. त्याच्या संघाने साठ फेऱ्यांपैकी दुसऱ्याच फेरीनंतर त्याला थांबवले. आघाडी सोडून गर्दीत मागे जाणे वरकरणी आत्मघातकी वाटते, परंतु त्या थांब्यात दोन मिश्रणांची अट पुरी झाली, नकोसा टायर निघाला आणि उरलेली शर्यत टिकाऊ मध्यम टायरवर मोकळी झाली. फेटेल जवळपास तीस सेकंदांनी जिंकला आणि चौथ्यांदा विश्वविजेता झाला. त्याच शर्यतीत सतराव्या क्रमांकावरून सुटलेल्या रोमँ ग्रोजाँने एकदाच थांबून आणि मध्यम टायरचा एकच संच पिरेलीच्या सल्ल्यापेक्षा कितीतरी जास्त फेऱ्या चालवून तिसरा क्रमांक मिळवला. एकाच नियमातून निघालेले हे दोन उलट डाव टायर-नियमांची सर्वांत उत्तम शिकवणी आहेत.

नियम मात्र कायम निर्दोष असतात असेही नाही. 2005 मध्ये पात्रता फेरी आणि संपूर्ण शर्यत एकाच संचावर पुरी करण्याची सक्ती होती. त्या वर्षी इंडियानापोलिसला मिशेलिनचे टायर तेथील कलत्या वळणावर सुरक्षित नसल्याचे उघड झाल्यावर ते वापरणारे सर्व संघ मागे फिरले, ब्रिजस्टोनच्या टायरवरील सहाच गाड्या शर्यतीत उतरल्या आणि जॉर्डन संघाचा नारायण कार्तिकेयन चौथा आला.

पावसाविषयीही एक चुकीची धारणा आहे की, खाचा असलेला टायर केवळ ‘जास्त पकड’ देतो. खरे तर त्या खाचांचे काम पाणी बाजूला फेकण्याचे आहे, जेणेकरून रबर पाण्यावर तरंगू नये. पिरेलीच्या सांगण्यानुसार निळ्या पट्टीचा पावसाळी टायर ताशी 300 किलोमीटर वेगाला सेकंदाला 85 लिटर पाणी हटवतो. ट्रॅक सुकू लागला की तोच टायर तापून निकामी होतो.

अखेरीस, उघड्या चाकांच्या प्रत्येक शर्यतीत टायरनिवड हाच डाव असतो, हा समज नाशिकच्या वाचकाने तरी बाळगू नये. फॉर्म्युला ईमध्ये सर्व गाड्यांना एकाच मिश्रणाचे, खाचा असलेले टायर मिळतात, तेच कोरड्यात आणि तेच पावसात. पूर्वी ते मिशेलिनचे होते, 2022-23 च्या हंगामापासून हँकूकचे आहेत. टायर फुटल्याशिवाय ते बदलण्यासाठी कोणी थांबत नाही, त्यामुळे तिथे काटकसर रबराची नव्हे, बॅटरीतल्या ऊर्जेची करावी लागते. 10 जून 2017 रोजी बर्लिनमध्ये फेलिक्स रोझेनक्विस्टने महिंद्राला या स्पर्धेतला पहिला विजय मिळवून दिला, तोही याच एका प्रकारच्या टायरवर.