पगार कमी करून क्लबमध्ये राहिला! पण म्हणजे नक्की काय केलं? विषय समजून घ्या

‘पैसा नाही, जर्सी मोठी.’ ‘निष्ठा असावी तर अशी.’ एखाद्या सीनियर फुटबॉलपटूनं पगार कमी करून जुन्याच क्लबमध्ये राहायचं ठरवलं, की रील्सवर असे कॅप्शन सुरू होतात. आपणही लाइक ठोकतो, ग्रुपवर फॉरवर्ड करतो आणि पुढं जातो.

त्या रीलमध्ये तीन गोष्टी मात्र कधीच नसतात. किती पैसे सोडले, का सोडले आणि सोडलेले पैसे नंतर परत मिळणार आहेत का? या तीन प्रश्नांची उत्तरं बदलली की अख्खी गोष्टच बदलते. कधी तो खरंच त्याग असतो, कधी तो हिशोब असतो, तर कधी नाइलाज.

आणि हा विषय आता फक्त युरोपातला राहिलेला नाही. तो आपल्या शेजारी गोव्यात येऊन पोचलाय.

गोव्यात काय झालं?

२२ ऑक्टोबर २०२५ ला एफसी गोवा फातोर्ड्याच्या मैदानावर सौदीच्या अल नासरविरुद्ध खेळत होता. अल नासर म्हणजे क्रिस्तियानो रोनाल्डोचा क्लब. रोनाल्डो काही गोव्यात आला नाही, पण गोव्याच्या ब्रायसन फर्नांडिसनं गोल केला आणि संघ फक्त २-१ नं हरला. पुढं डिसेंबरमध्ये ईस्ट बंगालला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून गोव्यानं सुपर कपही जिंकला.

म्हणजे मैदानावर सगळं झकास होतं. तरीही जानेवारी २०२६ मध्ये याच क्लबच्या खेळाडूंनी आणि स्टाफनं तात्पुरती पगारकपात मान्य केली.

कारण मैदानाबाहेर होतं. इंडियन सुपर लीग तेव्हा चालवणारी कंपनी एफएसडीएल आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघ यांच्यात १५ वर्षांचा करार होता. त्यातून महासंघाला वर्षाला ५० कोटी रुपये मिळायचे. हा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता आणि पुढं काय, हे ठरलंच नव्हतं. त्यामुळं जुलै २०२५ मध्ये लीग थांबवली गेली. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीनं पहिल्या संघातल्या खेळाडूंचे आणि स्टाफचे पगार बेमुदत थांबवले. महासंघानं नव्या करारासाठी निविदा काढली, तर नोव्हेंबरपर्यंत एकही बोली आली नाही.

जानेवारीच्या सुरुवातीला सुनील छेत्री, गुरप्रीत सिंग संधू आणि संदेश झिंगन अशा खेळाडूंनी व्हिडिओ काढून थेट फिफाकडं मदत मागितली. त्यानंतर काही दिवसांतच केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी जाहीर केलं, की १४ फेब्रुवारीपासून लीग सुरू होईल. संघ १४, सामने ९१.

मग पगार का कापायचा?

साधं गणित आहे. २०२४-२५ च्या हंगामात प्रत्येक संघ साखळीत २४ सामने खेळला होता. ९१ सामन्यांच्या लीगमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला आले १३. सामने निम्म्यावर आले की तिकिटं, जाहिराती, प्रायोजक सगळंच घटतं.

पगार मात्र महिन्याला ठरलेला असतो. लीग जोरात चालणार असं धरून सही केलेला आकडा, लीग अर्ध्यावर आली तरी तेवढाच राहतो. क्लबकडं मग तीन रस्ते उरतात. मालकानं खिशातून घालायचे, संघ बाहेर काढायचा, नाहीतर खेळाडूंना विनंती करायची.

इथं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. करार दोघांच्या सहीनं झालेला असतो, त्यामुळं त्यातला आकडा बदलायलाही दोघांची सही लागते. म्हणूनच अशा बातम्यांमध्ये ‘खेळाडूंनी मान्य केलं’ असं लिहिलेलं असतं.

कपात की उधारी?

हा फरक सातारा-सांगलीच्या माणसाला वेगळा सांगायची गरज नाही. ऊस कारखान्याला गेला की १४ दिवसांत एफआरपी मिळाली पाहिजे, असा नियम आहे. आता तीच एफआरपी दोन हप्त्यांत दिली, तर पैसे उशिरा मिळाले. टनामागं दरच कमी दिला, तर पैसे गेले. दोन्हीत आज खिसा मोकळाच राहतो, पण दोन्ही गोष्टी एक नाहीत.

फुटबॉलमध्येही तसंच. पगार ‘कमी केला’ आणि पगार ‘पुढं ढकलला’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण इटलीच्या युव्हेंटसचं. मार्च २०२० मध्ये कोविडमुळं सामने बंद पडले. तेव्हा क्लबनं जाहीर केलं, की खेळाडू आणि प्रशिक्षक चार महिन्यांच्या पगारावर पाणी सोडणार आणि क्लबचे सुमारे ९ कोटी युरो वाचणार. कॅप्टन जॉर्जियो किएलिनी तेव्हा ३५ वर्षांचा होता. खेळाडूंच्या बाजूनं बोलणी त्यानंच केली आणि त्याचं भरभरून कौतुक झालं.

पुढं इटलीत चौकशी लागली. तपास यंत्रणांचा आरोप असा होता, की खेळाडूंनी प्रत्यक्षात एकाच महिन्याचा पगार सोडला आणि बाकीचे पैसे नंतर द्यायचे खासगी करार झाले होते. शेवटी २०२३ मध्ये युव्हेंटसनं सुमारे ७ लाख १८ हजार युरो दंड भरून फुटबॉल महासंघापुढचं हे प्रकरण मिटवलं. रोनाल्डोही तेव्हा याच क्लबमध्ये होता. त्यानं पुढं ढकललेल्या पगारासाठी दाद मागितली आणि एप्रिल २०२४ मध्ये लवादानं त्याला जवळपास ९८ लाख युरो द्यायला सांगितले.

म्हणजे जगाला सांगितला गेला त्याग, कागदावर होती उधारी.

पगार कापूनही जागा मिळत नाही तेव्हा

आता स्पेनला जाऊ. ला लीगामध्ये प्रत्येक क्लबला संघावर किती खर्च करता येईल याची मर्यादा असते. ती मर्यादा क्लबच्या कमाईवरून ठरते. मर्यादेबाहेर गेलात तर नव्या खेळाडूची नोंदणीच होत नाही.

२०२१ मध्ये बार्सिलोनाची हालत अशी होती, की मेस्सीला धरून पगाराचा खर्च कमाईच्या ११० टक्के होत होता. हा आकडा खुद्द क्लबचे अध्यक्ष लापोर्ता यांनी सांगितला. मेस्सी वगळला तरी तो ९५ टक्के. मेस्सीनं ५० टक्के पगार कमी घ्यायची तयारी दाखवली होती. क्लबचीही तयारी होती. तरीही करार बसला नाही आणि ८ ऑगस्टला मेस्सीनं रडत रडत निरोप घेतला.

त्याच आठवड्यात जेरार्ड पिकेनं आपला पगार मोठ्या प्रमाणात कमी केला. त्यामुळं जागा झाली आणि मेम्फिस डीपाय, एरिक गार्सिया यांची नोंदणी होऊ शकली. पुढं सर्जियो बुस्केट्स आणि जोर्डी आल्बा यांनीही तेच केलं.

एका सीनियरनं पगार सोडला म्हणून दुसऱ्याला खेळायला मिळालं. कपातीचा सगळ्यात स्वच्छ फायदा हाच. सोडलेला पैसा कुठं गेला, हे इथं डोळ्यांना दिसतं.

आपल्याकडचं उदाहरण: धोनीचे ४ कोटी

फुटबॉल सोडून क्रिकेटमध्ये बघायचं तर हेच गणित चेन्नईनं केलं. धोनीला २०१८ मध्ये १५ कोटींना कायम ठेवलं होतं, २०२२ मध्ये १२ कोटींना. २०२५ च्या हंगामासाठी आकडा आला थेट ४ कोटींवर.

कसा? पाच वर्षं आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्या भारतीय खेळाडूला ‘अनकॅप्ड’ धरायचा जुना नियम आयपीएलनं परत आणला. धोनी शेवटचा खेळला जुलै २०१९ मध्ये, म्हणून तो नियमात बसला. चेन्नईनं ऋतुराज गायकवाड आणि जडेजाला प्रत्येकी १८ कोटी, पथिरानाला १३, शिवम दुबेला १२ आणि धोनीला ४ कोटी दिले. एकूण ६५ कोटी. पाचवा खेळाडूही ‘कॅप्ड’ असता तर नियमाप्रमाणं ७५ कोटी कापले गेले असते. म्हणजे लिलावासाठी १० कोटी जास्तीचे हातात राहिले.

यात प्रेम नाही असं कोण म्हणेल? पण प्रेमाच्या जोडीला नियमाचा चोख वापरही आहे.

आणि कपात फक्त राहण्यासाठीच होते असंही नाही. त्याच जडेजाची फी नोव्हेंबर २०२५ मध्ये १८ वरून १४ कोटींवर आली, ती चेन्नई सोडून राजस्थानकडं जाताना.

खरा प्रश्न: हे परवडतं कुणाला?

धोनी, मेस्सी, पिके यांनी पगार सोडला तेव्हा त्यांच्या मागं दहा-पंधरा वर्षांची कमाई होती. जाहिराती होत्या, व्यवसाय होते. पस्तिशीतल्या खेळाडूपुढं पर्यायही कमी असतात. नव्या शहरात जाऊन पुन्हा स्वतःला सिद्ध करण्यापेक्षा, कमी पैशात का होईना, ओळखीच्या ड्रेसिंग रूममध्ये राहणं बरं वाटतं. पुढं तिथंच कोचिंगची दारंही उघडी राहतात.

पण संपूर्ण संघानं कपात मान्य केली, असं वाचतो तेव्हा त्या संघात २०-२१ वर्षांचा पोरगाही असतो. पहिलाच करार, घरचं कर्ज, गावाकडं पाठवायचे पैसे. सीनियर ‘हो’ म्हणाले की त्याला ‘नाही’ म्हणता येतं का? दोघांनीही समजा ३० टक्के सोडले. एकाची गुंतवणूक थोडी कमी होते, दुसऱ्याचं घरभाडं अडतं.

हे आपल्यासाठी लांबचं नाही. शेजारच्या कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार यांच्या सामन्याला शाहू स्टेडियम भरतं. तिथलाच अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला आणि पुढं आयएसएलमध्ये गेला. त्याच्याकडं बघून सांगली-साताऱ्यातली पोरंही शाळा सांभाळून मैदानावर घाम गाळतायत. त्यांच्या घरच्यांना पडणारा प्रश्न एकच असतो, यात पोटापाण्याचं काय?

नियम खेळाडूला काय देतात?

फिफाच्या नियमात खेळाडूला एक मोठं हत्यार दिलंय. क्लबनं दोन महिन्यांचे पगार थकवले, तर खेळाडूनं लेखी नोटीस देऊन किमान १५ दिवसांची मुदत द्यायची. त्यात पैसे आले नाहीत तर करार मोडून बाहेर पडायचा त्याला हक्क आहे, आणि भरपाईही मागता येते. भारतात फुटबॉल प्लेयर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही खेळाडूंची संघटना आहे.

अडचण एवढीच, की करार मोडून जायचं कुठं? लीगच बंद असेल तर दुसरा क्लबही त्याच पाण्यात. गोव्यातली कपात या चौकटीत बघावी लागते. तिथं प्रश्न कमी पगार की जास्त पगार असा नव्हता. हंगाम होणार की नाही, असा होता.

पुढच्या वेळी बातमी आली की हे बघा

१. पैसे कापलेत की पुढं ढकललेत?

२. निर्णय एकट्या खेळाडूचा आहे की अख्ख्या संघाचा?

३. वाचलेला पैसा कुठं गेला? नवा खेळाडू, बाकीच्यांचे पगार, की कुठंच नाही?

४. खेळाडूकडं दुसरी ऑफर होती का? पर्याय असताना थांबणं वेगळं आणि पर्यायच नसल्यामुळं थांबणं वेगळं.

५. मालक आणि व्यवस्थापनानं स्वतः किती सोडलं?

शेवटचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. लीगचा करार वेळेत न होणं ही काही खेळाडूंची चूक नव्हती, पण त्याचा हिशोब मात्र त्यांच्या पगारातून झाला. त्यामुळं सीनियर खेळाडूच्या मोठ्या मनाला सलाम जरूर करा. फक्त पगार सोडायची वेळ त्याच्यावर कुणी आणली, हेही त्याच पोस्टखाली विचारा.