स्पितीला निघालात? आधी मुक्कामांची उंची विचारा

स्पितीच्या गाइडेड बाईक टूरची जाहिरात साधारण ठरलेली असते. कुंझुम खिंडीत उभी केलेली बाईक, मागे फडफडणाऱ्या पताका आणि खाली रोजच्या किलोमीटरचा तक्ता. पैसे भरण्याआधी मंडळी विचारतात ती बाईक कोणती, हॉटेलात गरम पाणी मिळेल का आणि बॅकअप गाडी आहे ना. रात्रीचा मुक्काम किती उंचीवर, हे क्वचितच कोणी विचारतं. वास्तविक पहिला प्रश्न तोच हवा. या वाटेवर लोक आजारी पडतात ते खराब रस्त्यापेक्षा उंची घाईने गाठल्यामुळे.

‘रोज धावतो, कळसूबाई तर दोनदा केलंय, मला काय होणार?’ हा आपल्याकडचा लाडका समज. कळसूबाई आहे 1,646 मीटर. विरळ हवेचा त्रास सुरू होतो साधारण 2,500 मीटरच्या वर, त्यामुळे सह्याद्री तुमचे पाय तपासतो, उंचीची परीक्षा घेत नाही. धडधाकट माणसालाही हा त्रास तितक्याच सहज होतो. उलट डोकं दुखतंय, मळमळतंय हे कबूल करायला त्यालाच जास्त जड जातं.

वर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण कमी असतं, असंही सर्रास सांगितलं जातं. प्रमाण तेच, जवळजवळ 21 टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. साडेचार हजार मीटरच्या कुंझुमवर दाब समुद्रसपाटीच्या 60 टक्क्यांहूनही कमी भरतो, म्हणून प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी येतो. रुमालात बांधलेला कापूर हुंगून यात काही फरक पडत नाही. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन आहे तिथेच राहतो. आणि कापूर चघळणारेही भेटतात! पोटात गेलेला कापूर विषारी असतो, त्याने झटके येऊ शकतात. अ‍ॅसिटाझोलामाइडच्या गोळीबद्दल नेमका उलटा गैरसमज आहे, की ती दुखणं फक्त दडपून ठेवते. तसं नाही. तिच्यामुळे श्वसन वाढतं आणि शरीर उंचीला लवकर सरावतं. मात्र ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, विशेषतः सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर.

खरा उपाय मात्र वेळापत्रकातच असतो. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज 500 मीटरहून जास्त वर सरकू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम हलवू नये, असं डॉक्टर सांगतात. आता स्पितीचे दोन रस्ते बघा. मनाली 2,050 मीटरवर. तिथून सकाळी निघून रात्री कुंझुम ओलांडून 3,650 मीटरवरच्या काझात, नाहीतर तिच्या अलीकडेच 4,250 मीटरवरच्या चंद्रताल सरोवराजवळच्या तंबूत झोपायचं. याला हौस म्हणतात, नियोजन नव्हे. शिमल्याकडून किन्नौरमार्गे गेलं तर दिवस जास्त लागतात. पण सराहन, कल्पा, ताबो अशा मुक्कामांनी शरीराला उसंत मिळते. चंद्रताल येतं अगदी शेवटी, अंग सरावल्यावर. हीच फेरी उलटी फिरवणारी टूर स्वस्त पडत असेल, तर ती स्वस्त का, ते लक्षात घ्या.

बॅकअप गाडीतला ऑक्सिजन सिलिंडर कामाचा असतो, पण तो वेळ काढून देतो, इतकंच. फुफ्फुसात किंवा मेंदूत पाणी धरू लागलं तर इलाज एकच, ताबडतोब खाली उतरणं. काझाहून खाली जायचं म्हणजे ताबोच्या दिशेने, कारण दुसऱ्या बाजूला आधी कुंझुम चढावी लागते. चंद्रतालहून मध्यरात्री निघायचं म्हटलं तर दगडगोट्यांचा, ओढ्यांचा रस्ता समोर असतो. अनुभवी म्होरक्या जेवताना कोण ताट अर्धवट टाकून उठलं, याकडे लक्ष ठेवतो ते यासाठी.

‘अटल बोगदा झाला, आता मनालीहून काझा बारमाही’ हेही खरं नाही. 2020 साली सुरू झालेल्या त्या नऊ किलोमीटरच्या बोगद्याने रोहतांग खिंड टळली. ग्रामफू, बातल, कुंझुम हा पुढचा रस्ता बर्फ पडला की बंदच होतो. हिवाळ्यात काझाला जायचं तर किन्नौरकडूनच. तसंच पावसाळ्याचं. स्पिती पर्जन्यछायेत आहे, पण तिथे पोहोचवणारे किन्नौर आणि कुल्लूचे रस्ते नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये दरडी तिथे कोसळतात.

नाल्यांना तर पावसाची गरजच नसते. दिवसभर बर्फ वितळतं आणि सकाळी घोट्याइतकं असलेलं पाणी दुपारी गुडघ्याला लागतं. म्हणून ओढे सकाळी ओलांडायचे, एका वेळी एकच गाडी, पहिला गिअर, नजर समोरच्या काठावर. तळाचे गोटे गोल आणि गुळगुळीत असतात; चाकाकडे बघत बसलेला हमखास पडतो.

आता बाईक. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला उंचीचा फरक पडत नाही, असं विकणारा सांगतो. हवा-पेट्रोलचं गणित ती जुळवते, हे खरं. पण मुळात हवाच कमी, म्हणून ताकद घटते. ढोबळमानाने दर 1,000 मीटरला दहा टक्के. मग वळणावर गाडी रडू लागते, चालवणारा हाफ-क्लचवर रेटत राहतो आणि मागच्याच्या नाकात जळक्या क्लच प्लेटचा वास जातो. मेकॅनिकच्या पेटीत क्लच प्लेट आणि केबल असतात त्या यामुळेच. मोठं इंजिन हवं असं अजिबात नाही. लोक स्कूटरवरही स्पिती करून येतात.

‘जगातलं सर्वांत उंच’ म्हणणाऱ्या पाट्यांसमोर फोटो जरूर काढा, विश्वास जपून ठेवा. कोमिकची पाटी मोटाररस्त्याने जोडलेलं जगातलं सर्वांत उंच गाव असल्याचं सांगते, उंची 4,587 मीटर. पेरूमधलं ला रिंकोनाडा 5,100 मीटरच्या आसपास आहे आणि तिथेही गाड्या जातात.

या पाट्यांपायी ताबोच्या गोंपाला, म्हणजे बौद्ध मठाला, मात्र अर्धाच तास मिळतो. बाहेरून बघणाऱ्याला ती मातीची बसकी घरं वाटतात आणि सगळे गोंपा सारखेच, असं म्हणून किक मारली जाते. सारखे कसे? की, ढंकर आणि ताबो गेलुग पंथाचे, कोमिकचा साक्य, पिन खोऱ्यातला कुंगरी न्यिंग्मा. ताबोची स्थापना 996 सालची, गुगेचा राजा येशे-ओ याच्या काळातली. त्याला ‘हिमालयातलं अजिंठा’ म्हणतात. आपण मराठी माणसं यावर खूश होतो, पण साम्य भिंतीवरच्या चित्रांपुरतं. अजिंठा खडकात कोरलेलं, ताबो मातीने बांधलेलं. आणि अजिंठ्याची शेवटची मोठी चित्रं रंगली त्यानंतर सुमारे पाचशे वर्षांनी ताबो उभं राहिलं. इथल्या चित्रांत काश्मिरी कलावंतांच्या शैलीची छाप आहे. मुख्य सभामंडपात भिंतींवर माणसाएवढ्या मातीच्या मूर्ती बसवलेल्या आहेत, खाली-वर चित्रं. आत अंधार असतो आणि फोटोला मनाई. उन्हातून आलेल्या डोळ्यांना काही दिसायलाच पाच-दहा मिनिटं लागतात, तोवर बाहेर हॉर्न वाजू लागलेले असतात. त्यातच माती पावसाला कच्ची, आणि या कोरड्या खोऱ्यात हल्ली अवेळी पाऊस होतो, म्हणून जतन करणाऱ्यांना छपरांची चिंता असते.

ताबोच्या अलीकडे एक फाटा ग्यू गावाकडे जातो. तिथल्या ममीचे केस आणि नखं अजून वाढतात, असं सांगणारा एक तरी गडी प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. 1975च्या किन्नौर भूकंपानंतर उजेडात आलेला हा सुमारे पाचशे वर्षांपूर्वीच्या भिक्षूचा बसलेला देह आहे. इजिप्तसारखी मसाला भरण्याची प्रक्रिया त्यावर झालेली नाही. थंड, कोरड्या हवेत तो टिकला. केस आणि दात शाबूत दिसतात, ते खरं. वाढत मात्र काहीही नाही.