पोटरी दुखते म्हणाला, तर मालिश करू नका

कोविडच्या पेशंटचा ऑक्सिजन सगळे बघत होते. पायावरची चादर मात्र फार थोड्यांनी वर केली. हा आजार रक्त घट्ट करतो. त्यात ताप, पोटात पाणी नाही आणि आठ-आठ दिवस अंथरुणाला खिळलेलं शरीर. 2021 च्या एप्रिलमध्ये, जळगाव-धुळ्याच्या त्या उन्हात, हे सगळं एकत्र आलं होतं. अशा वेळी पोटरीच्या किंवा मांडीच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी धरते. ती सुटून फुफ्फुसात अडकली, तर कालपर्यंत सुधारणारा माणूस संडासला जायला उठतो आणि कोसळतो. घरचे म्हणतात, अॅटॅक आला.

ही गुठळी सोनोग्राफीत दिसते. सुई नाही, क्ष-किरण नाही. डॉक्टर जांघेत आणि गुडघ्यामागे प्रोब ठेवून हलकेच दाबतात. चांगली शीर दाबली की चपटी होते, गुठळी असलेली होत नाही. वुहानमध्ये 2020 साली दाखल असलेल्या 143 पेशंटांचे पाय असे तपासले, तेव्हा 66 जणांच्या शिरेत गुठळी निघाली. त्यातल्या 43 जणांची गुडघ्याखाली होती. तिचा धोका मांडीतल्या गुठळीपेक्षा कमी.

मग प्रत्येक पेशंटची सोनोग्राफी का नाही केली? लक्षण नसताना सरसकट तपासणी केल्याने जीव वाचतात, हे सिद्ध झालेलं नाही, म्हणून तज्ज्ञांनी तसा सल्ला दिला नाही. त्याऐवजी दाखल पेशंटला रक्त पातळ ठेवणारं हेपॅरिन पोटाच्या कातडीखाली द्यायचं, असं ठरलं. केंद्र सरकारच्या उपचार-नियमावलीतही ते होतं. मला हे पटतं, पण अर्धंच. पाय सुजला, एकाच बाजूची पोटरी दुखली, दम अचानक वाढला, तरी सोनोग्राफीला 'उद्या बघू' म्हणणं वेगळं. चोपडा, यावल, साक्री, शिरपूरकडच्या माणसाने रेडिओलॉजिस्टसाठी जायचं कुठे? जिल्ह्याच्या गावी.

आपल्याकडे आणखी एक अडचण. गर्भलिंग निदानाविरुद्धच्या 1994 च्या कायद्याने सोनोग्राफीचं मशीन नोंदणीच्या जागेतच वापरायचं. वसतिगृहात उघडलेल्या कोविड सेंटरवर ते उचलून नेता येत नव्हतं. मुली वाचवायला हा कायदा हवाच, जळगावात तर हवाच. पण पायाची सोनोग्राफी त्याने कुठेही बंद केलेली नाही. नोंदणी झालेल्या दवाखान्यात पात्र डॉक्टर ती करू शकतात. 'कायद्यामुळे होत नाही' असं कोणी सांगितलं, तर कुठलं कलम ते विचारा.

सिकलसेलचं डॉक्टरांना आधीच सांगा. सातपुड्याच्या पावरा-भिल्ल वस्त्यांत हा आजार आहे, विदर्भातल्या आपल्या समाजातही आहे. सोयरिकी इकडून तिकडे होतातच. सिकलसेल असलेल्याच्या रक्तात गुठळीचा धोका मुळातच जास्त. लग्न जमत नाही म्हणून कार्ड पेटीत लपवून ठेवणारी घरं मला माहीत आहेत. दवाखान्यात तरी ते बाहेर काढा.

कोविडचे वॉर्ड बंद झाले, पण न्यूमोनिया, मांडीचं हाड मोडणं, बाळंतपण, लकवा यांत माणूस असाच पडून राहतो. सोबत बसणाऱ्याने रोज दोन्ही पाय उघडून बघावेत. शिंप्याची टेप घ्या. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्या मोजा. तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला, पाय गरम किंवा लालसर लागला, तर सिस्टरला लगेच दाखवा आणि केसपेपरवर लिहून घ्यायला लावा. काळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून हात लावून बघा. गुठळीच्या संशयात तेल चोळू नका, पाय रगडू नका. आजीने सांगितलं तरी नको. डॉक्टरांनी परवानगी दिलेल्या पेशंटला पाणी पाजा, घोटे वर-खाली हलवायला सांगा, धरून उठवून बसवा.

घरी सोडताना रक्त पातळ होण्याची गोळी दिली असेल, तर ती किती दिवस घ्यायची हे चिठ्ठीवर लिहून घ्या. हिरड्यांतून रक्त आलं किंवा संडास काळी झाली, तर त्याच दिवशी परत जा.